इटालियन पद्धतीचं लग्न: 'मात्रिमोनिओ आल्लितालियाना'विषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली कित्येक वर्षं मी हा चित्रपट घरी आलेल्या पाहुण्यांना, मैत्रिणींना, भाचरांना दाखवत आले आहे. पाहून झाल्यावर प्रत्येक जण थोडा वेळ गप्प बसतो आणि मग ठरावीक प्रश्न येतात. त्या प्रश्नांची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवते आहे. चित्रपट पाहिला नसेल तर पहिलं उत्तर वाचून थांबा, आधी तो पाहून या. पुढे सगळी गोष्ट उघड केलेली आहे.

नेमका कोणता चित्रपट, आणि कोणाचा?

१९६४ सालचा इटालियन चित्रपट, 'मात्रिमोनिओ आल्लितालियाना'. इंग्रजीत तो 'मॅरेज इटालियन स्टाइल' म्हणून ओळखला जातो. दिग्दर्शक व्हित्तोरियो दे सिका, निर्माता कार्लो पोंती, संगीत आर्मांदो त्रोव्हायोली यांचं. प्रमुख भूमिकांत सोफिया लॉरेन आणि मार्चेलो मास्त्रोयानी. रंगीत आहे, पावणेदोन तासांच्या आत संपतो. गोष्ट मूळची एदुआर्दो दे फिलिप्पो यांच्या 'फिलुमेना मार्तुरानो' या १९४६ च्या नाटकाची.

गोष्ट काय आहे?

नेपल्समधला दोमेनिको सोरियानो हा पैसेवाला, देखणा, सूटबूट घालून फिरणारा व्यापारी. केक-मिठाईच्या दुकानांचा मालक. दुसऱ्या महायुद्धात, बॉम्बहल्ल्याचा भोंगा वाजत असताना एका वेश्यागृहात त्याला घाबरून कपाटात लपलेली एक कोवळी मुलगी दिसते. ती फिलुमेना. युद्ध संपल्यावर दोघं पुन्हा भेटतात. तो तिला वेगळी जागा घेऊन देतो, हवं तेव्हा येतो, हवं तेव्हा जातो. पुढे तिला आपल्या घरात आणतो. तिला वाटतं आता आपलं नशीब उघडलं, पण त्याने आणलेलं असतं आजारी आईची शुश्रूषा करायला, आणि राहायची जागा मोलकरणीच्या खोलीत. ती आईचं करते, घर सांभाळते, दुकानं सांभाळते. वर्षांमागून वर्षं जातात. आणि मग तो दुकानातल्या कॅशिअर तरुणीशी लग्न करायला निघतो.

फिलुमेना अंथरूण धरते. मरायला टेकली आहे असं सगळ्यांना वाटतं. पाद्री सांगतो की निदान शेवटच्या घटकेला तरी या बाईशी लग्न कर. दोमेनिको विचार करतो, तासाभराचा तर प्रश्न आहे. लग्न लागतं आणि नवरीबाई खडखडीत उठून उभ्या राहतात.

दोमेनिको वकील गाठतो. फसवून लावलेलं लग्न कायद्यात टिकत नाही, ते रद्द होतं. तेव्हा ती त्याला सांगते की मला तीन मुलगे आहेत, तिघंही मोठे झालेत, आणि त्यातला एक तुझा आहे. कोणता, ते मात्र सांगणार नाही.

मग ही रोमँटिक कॉमेडी कशी? यात तर दुःखच जास्त आहे.

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. हसू कुठे येतं ते आठवून पाहा. मरणाच्या दारात असलेली बाई ताडकन उठते तेव्हा. दोमेनिको तीन तरुणांच्या चेहऱ्यांत आपलं नाक-डोळे शोधतो तेव्हा. नोकर आल्फ्रेदो आणि रोझालिया दाराआडून सगळं ऐकत असतात तेव्हा. एरवी रोमँटिक कॉमेडीत दोन माणसं भेटतात, भांडतात आणि शेवटी लग्न करतात. इथेही तेच होतं, फक्त भेट आणि लग्न यांच्यामध्ये वीसेक वर्षं गेलेली आहेत, तिघांचं बालपण होऊन गेलेलं आहे, आणि बाईची उमेदीची वर्षं दुसऱ्याचा संसार करण्यात संपलेली आहेत. हे सगळं ठाऊक असताना आपण हसतो, म्हणून हसताना घसा दाटतो.

आपल्याकडे अशा बाईसाठी 'अंगवस्त्र' असा शब्द होता. अंगावर घ्यायचं, काढून ठेवायचं. दोमेनिको दुष्ट नाही. त्याने फिलुमेनाकडे कधी माणूस म्हणून पाहिलेलंच नाही, इतकंच. तिच्याकडे पाहायला तो शिकतो, ही या चित्रपटातली प्रेमकथा आहे.

शंभर लिरांच्या नोटेचं काय प्रकरण आहे?

फिलुमेनाने एक नोट इतकी वर्षं जपून ठेवली आहे. एका रात्री दोमेनिकोने तिला म्हटलं होतं, चल, आपलं एकमेकांवर प्रेम आहे असं समजू या. त्याच्यासाठी तो खेळ होता. तिने त्या रात्री खरंच प्रेम केलं. सकाळी त्याने नेहमीसारखी नोट काढून दिली. तिने त्या नोटेच्या कोपऱ्यावर तारीख लिहून ठेवली, कारण त्याच रात्री मूल राहिलं.

मुलाची गोष्ट सांगताना ती नोट त्याला परत देते, पण आधी तारखेचा कोपरा फाडून घेते. म्हणजे पैसे तुझे तुला, तारीख माझी मला. एवढासा कागदाचा कपटा, पण त्याच्या जोरावर सगळा उत्तरार्ध उभा आहे. दोमेनिकोला वर्ष कळलं असतं तर त्याने वयावरून हिशेब मांडला असता.

ती नाव का सांगत नाही? सांगितलं असतं तर सुटली नसती का?

ती सुटली असती, दोन मुलं अडकली असती. एकाला बाप, पैसा, आडनाव, आणि उरलेल्या दोघांना काहीच नाही. तिघं एकमेकांचे वैरी झाले असते. तिला तिघांसाठी सारखं हवं आहे.

नाटकाच्या नेपल्सच्या बोलीत एक वाक्य आहे, "ए फिल्ये सो फिल्ये." मराठीत ते जसंच्या तसं उतरतं: लेकरं ती लेकरंच. पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा फिलुमेना गल्लीतल्या गुलाबांच्या मादोन्नासमोर, म्हणजे मदर मेरीच्या मूर्तीसमोर, उभी राहून विचारते, काय करू, सांग. मूल पाडायचा सल्ला देणारे आजूबाजूला असतातच. आणि कुठून तरी आवाज येतो, लेकरं ती लेकरंच. कोण बोललं ते तिला कळत नाही. देवी बोलली असेल, नाहीतर वरच्या खिडकीतली एखादी बाई आपल्याच कुणाशी बोलत असेल. फिलुमेना तिन्ही मुलं जन्माला घालते, दुसऱ्यांकडे ठेवून वाढवते. नाटकात ती दोमेनिकोला तोंडावर सांगते की त्यांना वाढवायला मी तुझ्याच घरातून चोरी केली. तिच्या आवाजात त्याची लाज नसते.

निव्वळ लग्नासाठी एवढा आटापिटा कशाला?

कारण लग्नाशिवाय नाव नाही. मराठीत आपण 'बापाचं नाव लावणं' म्हणतो, आणि त्या 'लावणं'मध्ये किती काय येतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. शाळेच्या दाखल्यापासून सोयरिकीपर्यंत सगळीकडे ते नाव विचारलं जातं. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आईचं नाव लावणं बंधनकारक झालं, ही अगदी कालची गोष्ट आहे.

इटलीत बाप अज्ञात असलेल्या मुलाच्या कागदपत्रांवर त्या जागी 'एन. एन.' अशी दोन अक्षरं लिहिली जात. ती दोन अक्षरं माणूस जन्मभर वागवायचा. रोजच्या कागदपत्रांतून ती १९५५ च्या कायद्याने गेली. लग्नाबाहेरच्या मुलांना खूपशी समानता १९७५ च्या कुटुंब कायद्याच्या सुधारणेने मिळाली आणि उरलासुरला फरक पुसला गेला तो २०१२ साली. घटस्फोटाचा कायदाच मुळी डिसेंबर १९७० मध्ये आला. तो रद्द करावा म्हणून १९७४ च्या मे महिन्यात सार्वमत झालं, आणि ५९ टक्क्यांहून अधिक लोकांनी कायदा राहू द्या असं सांगितलं. चित्रपट आला १९६४ ला. म्हणजे तो पाहणाऱ्यांच्या डोक्यावर जुनाच कायदा होता.

आणि आता मला या चित्रपटाविषयी सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगते, कारण ती कळल्यापासून मी तो वेगळ्याच नजरेने पाहते. हा चित्रपट ज्यांनी ज्यांनी घडवला, त्यातल्या जवळपास प्रत्येकाच्या घरात हाच प्रश्न बसलेला होता.

नाटककार एदुआर्दो दे फिलिप्पो १९०० साली जन्मले ते लग्नाबाहेर. वडील एदुआर्दो स्कार्पेत्ता हे नेपल्सच्या रंगभूमीचे बादशहा, त्यांचा वेगळा संसार होता. एदुआर्दो, बहीण तितिना आणि धाकटा पेप्पिनो, या तिघांनी आईचं आडनाव लावलं. तीन भावंडं, एक आई, आणि नाव न देणारा बाप. नाटकातल्या तीन मुलांकडे पाहताना हे आठवल्याशिवाय राहत नाही. आणि फिलुमेनाची भूमिका एदुआर्दोंनी लिहिली ती तितिनासाठी, म्हणजे त्याच घरातल्या मुलीसाठी.

दिग्दर्शक दे सिका यांचं लग्न अभिनेत्री जुदित्ता रिस्सोने यांच्याशी झालेलं होतं, त्यांना एक मुलगी होती. पुढे स्पॅनिश अभिनेत्री मारिया मेर्कादेर यांच्याबरोबर दुसरं घर झालं, दोन मुलगे झाले. इटलीत घटस्फोट नाही, म्हणून मेक्सिकोत लग्न केलं, ते इटलीत चालेना. अखेर फ्रेंच नागरिकत्व घेऊन १९६८ साली पॅरिसमध्ये लग्न लागलं. नववर्षाच्या रात्री दोन्ही घरी बाराच्या ठोक्याला हजर राहता यावं म्हणून ते एका घरचं घड्याळ मागे-पुढे करून ठेवायचे, असं त्यांच्या घरचे सांगत आले आहेत.

निर्माते पोंती आणि सोफिया यांनी १९५७ मध्ये मेक्सिकोत लग्न केलं, तेही दोघांच्या गैरहजेरीत, वकिलांकरवी. पोंतींचं आधीचं लग्न इटलीच्या कायद्याने कायम असल्यामुळे द्विभार्येचा आरोप झाला. १९६२ साली ते लग्न रद्दबातल ठरलं. दोघांचं रीतसर लग्न झालं एप्रिल १९६६ मध्ये, पॅरिसजवळच्या सेव्हर इथे. म्हणजे कॅमेऱ्यासमोर "मला लग्नाची बायको व्हायचंय" असं म्हणणारी सोफिया त्या वेळी आपल्या देशाच्या कायद्याने कुणाचीच बायको नव्हती.

तिच्या जन्माची गोष्टही तीच आहे. आई रोमिल्दा व्हिल्लानी, वडील रिक्कार्दो शिकोलोने. त्यांनी रोमिल्दाशी लग्न केलं नाही. १९३४ साली जन्मलेल्या सोफियाला त्यांनी आडनाव तेवढं दिलं, धाकट्या मारियाला तेही दिलं नाही. सोफिया सिनेमात कमवू लागल्यावर तिने स्वतःच्या कमाईतून वडिलांना पैसे मोजले आणि बहिणीसाठी ते आडनाव मिळवलं. आडनावाची किंमत तिने रोकड मोजलेली होती. फिलुमेनाच्या तीन मुलांची नावं उंबेर्तो, रिक्कार्दो आणि मिकेले. नाटक लिहिलं गेलं तेव्हा सोफिया बारा वर्षांची होती, त्यामुळे मधलं नाव हा निव्वळ योगायोग आहे. तरी ती ते नाव उच्चारते तेव्हा माझ्या काळजात हलतं.

सोफिया लॉरेनचा अभिनय एवढा नावाजला का जातो?

चित्रीकरणाच्या वेळी ती तिशीत पाऊल टाकत होती. सतरा वर्षांची भेदरलेली पोर, मग ठसठशीत तरुणी, मग डोळ्यांखाली काळी वर्तुळं आलेली, कुणाची भीडभाड न ठेवणारी बाई, अशी तिन्ही वयं तिने केली आहेत. मेकअपने वय दिसतं, पण चाल बदलावी लागते. तरुण फिलुमेना पाहिलं जावं म्हणून चालते. नंतरची फिलुमेना कामाला निघाल्यासारखी चालते, खांदे पुढे, हात मोकळे. फक्त चालण्याकडे लक्ष ठेवून एकदा हा चित्रपट पाहाच.

दुसरी गोष्ट आवाजाची. सोफिया वाढली नेपल्सशेजारच्या पोत्सुओली या गावात. बोली तिच्या तोंडातलीच. युद्धात रात्रीच्या रात्री तिने गावच्या रेल्वेच्या बोगद्यात काढल्या होत्या. बॉम्बहल्ल्याच्या प्रसंगातली तिची भीती मला म्हणूनच खरी वाटते.

आणि रडणं. फिलुमेना कधी रडत नाही. ज्याने सुख पाहिलं त्याला रडू येतं, आणि तिने ते पाहिलेलंच नाही, अशी तिची समजूत आहे. सबंध चित्रपटभर सोफियाचे डोळे कोरडे राहतात: अपमान होतो तेव्हा, लग्न रद्द होतं तेव्हा, मुलांना पहिल्यांदा "मी तुमची आई" असं सांगते तेव्हासुद्धा. प्रेक्षक रडतो, ती नाही. शेवटी लग्न होतं, मुलं झोपायला जाताना दोमेनिकोला "बाबा" म्हणतात, आणि ती रडते. रडणं किती छान असतं, असं त्याला सांगते. एवढा एक क्षण मिळावा म्हणून अभिनेत्रीने त्याआधीचा प्रत्येक हुंदका गिळलेला आहे. असा संयम मी फार थोड्या नटनट्यांत पाहिला आहे.

आणि मास्त्रोयानी? तो तर तिच्यापुढे फिका पडतो, नाही का?

नाही, आणि हे मी ठासून सांगते. दोमेनिको हा माणूस आवडण्यासारखा नाही. स्वार्थी, भित्रा, आईच्या धाकातला, आरशात पाहणारा. नट थोडा जरी कठोर झाला असता तरी शेवटचं लग्न आपल्याला शिक्षेसारखं वाटलं असतं. मास्त्रोयानी त्याच्यात एक बालिशपणा घालतो. पकडला गेलेला मुलगा जसा आधी ओरडतो, मग रुसतो, मग हळूच जवळ येतो, तसा त्याचा दोमेनिको आहे.

मास्त्रोयानी १९२४ साली लात्सिओ प्रांतातल्या फोंताना लिरी या खेड्यात जन्मला, दिग्दर्शक व्हिस्कोंतींच्या नाटक मंडळीत घडला. 'ला दोल्चे व्हिता' या चित्रपटानंतर जगाने त्याला मदनाचा पुतळा ठरवलं आणि त्याने पुढे सतत त्या पुतळ्याला तडे दिले. 'इल बेल्लांतोनिओ'मध्ये तो नपुंसक तरुण झाला, 'दिव्होर्त्सिओ आल्लितालियाना'मध्ये (म्हणजे 'इटालियन पद्धतीचा घटस्फोट') तेल लावून केस चापून बसवलेला आळशी सरदार. दोमेनिको त्याच रांगेतला आहे. तरुणपणचा रुबाब आणि नंतरचे रंगवलेले केस यांच्यामधलं अंतर तो फार मायेने दाखवतो.

चित्रपटाच्या उत्तरार्धातलं त्याचं पाहणं पाहा. तीन मुलं समोर आहेत आणि हा प्रत्येकात स्वतःला शोधतो आहे. शोधता शोधता तो तिघांनाही बघायला लागतो. त्या नजरेतला बदल संवादात कुठेच नाही, तो सगळा त्याच्या चेहऱ्यावर आहे. जाता जाता सांगते: मास्त्रोयानीचंही लग्न मोडलेलं होतं पण घटस्फोट कधी झाला नाही. फ्लोरा काराबेल्ला शेवटपर्यंत त्याची कायदेशीर पत्नी राहिली, आणि त्याची धाकटी मुलगी कियारा ही फ्रेंच अभिनेत्री कात्रिन देनव्ह यांची. या चित्रपटाभोवती एकही सरळ संसार सापडत नाही.

मूळ नाटक आणि चित्रपट यांत फरक काय?

नाटक तीन अंकी, दिवाणखान्यात घडणारं. पडदा उघडतो तेव्हा फसवणूक होऊन गेलेली असते: दोमेनिको संतापाने थरथरतोय आणि फिलुमेना रात्रीच्या पोशाखात, हाताची घडी घालून उभी. भूतकाळ सगळा संवादातून कळतो. नाटकात ती ४८ वर्षांची आहे, तो ५२ चा. मराठी नाटक पाहत वाढलेल्या माणसाला हा घाट ओळखीचा वाटेल.

चित्रपटाने तो भूतकाळ उलगडून समोर मांडला, दोघांच्याही आठवणींतून. त्यात मिळवलं ते नेपल्स, युद्ध आणि तरुण सोफिया. गमावलं ते वय. पन्नाशीला टेकलेल्या बाईने नाव मागणं आणि तिशीतल्या सुंदर नटीने मागणं यात फरक पडतोच. नाटकातली धग हवी असेल तर एदुआर्दोंनी स्वतः तितिनाला घेऊन १९५१ मध्ये केलेला कृष्णधवल चित्रपट मिळवून पाहा. तितिना १९६३ च्या अखेरीस गेल्या, सोफियाची फिलुमेना त्यांना पाहायला मिळाली नाही.

हे नाटक जगभर फिरलं. अर्जेंटिनात १९५० सालीच त्यावर चित्रपट निघाला. लंडनमध्ये १९७७ साली दिग्दर्शक फ्रँको झेफिरेल्लींनी ते अभिनेत्री जोन प्लोराइटला घेऊन बसवलं.

चित्रपटाचं नाव असं का? 'दिव्होर्त्सिओ आल्लितालियाना'चा हा दुसरा भाग आहे का?

नाही. तो १९६१ चा पिएत्रो जेर्मींचा चित्रपट, गोष्ट सिसिलीची. घटस्फोट मिळत नाही म्हणून नवरा बायकोचा काटा काढायच्या मागे लागतो, कारण अब्रूसाठी केलेल्या खुनाला कायद्यात सौम्य शिक्षा होती. ते कलम १९८१ पर्यंत टिकलं. त्या चित्रपटाच्या नावावरूनच 'कोम्मेदिया आल्लितालियाना' हे त्या काळच्या इटालियन विनोदी चित्रपटांच्या सगळ्या प्रवाहाचं नाव रूढ झालं. दोन्हींत मास्त्रोयानी आहे, बाकी संबंध नाही. मात्र दोन्ही पाठोपाठ पाहिले तर एका देशाच्या लग्नसंस्थेच्या दोन्ही बाजू दिसतात.

चित्रीकरण खरोखर नेपल्समध्ये झालं का?

हो. दोमेनिकोचं घर 'पियाझ्झा देल जेझू नुओव्हो' या चौकातल्या पालाझ्झो पांदोलामधलं. खिडकीतून जेझू नुओव्हो चर्चची टोकदार दगडांची भिंत आणि मधोमधचा नक्षीदार उंच स्तंभ दिसतो. नेपल्सला जाणं झालं तर तो चौक चुकवू नका, आज तिथे पर्यटकांची भरपूर वर्दळ असते. २०१६ साली नेपल्सने सोफियाला मानद नागरिकत्व दिलं.

नावांचे उच्चार?

फिलुमेना, 'लु'वर नको, 'मे'वर जोर. दोमेनिकोला ती लाडाने आणि रागानेही 'दुम्मी' म्हणते, जोर 'मी'वर.

पुरस्कार मिळाले का?

सोफियाला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं, पण १९६५ च्या त्या समारंभात पुरस्कार 'मेरी पॉपिन्स'साठी ज्युली अँड्र्यूजला गेला. पुढच्या वर्षी चित्रपटाला परभाषी विभागात नामांकन होतं. मॉस्कोच्या महोत्सवात १९६५ मध्ये सोफिया सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरली, आणि इटलीचा दाव्हिद दी दोनातेल्लो तिला आणि मास्त्रोयानीला दोघांनाही मिळाला. ऑस्कर तिच्याकडे आधीच होतं, १९६० च्या 'ला चोचारा'साठी. परभाषेतल्या अभिनयाला मिळालेलं ते पहिलं अभिनयाचं ऑस्कर, आणि दिग्दर्शक तेव्हाही दे सिकाच.

'बायसिकल थीव्ह्ज' करणारा दिग्दर्शक असल्या रंगीत करमणुकीकडे कसा वळला?

हा प्रश्न सहसा जुने, जाणते चित्रपटप्रेमी विचारतात, आणि त्यांचं दुखणं मला समजतं. दे सिकांचं आपल्याकडचं स्थान खास आहे. जानेवारी १९५२ मध्ये भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत सुरू झाला, तिथे 'बायसिकल थीव्ह्ज' पाहून बिमल रॉय हलून गेले, आणि पुढच्याच वर्षी 'दो बिघा जमीन' आला. सत्यजित राय यांनी तो १९५० मध्ये लंडनला पाहिला होता. त्या दे सिकांकडून लोकांना तसलंच काही हवं असतं.

पण दे सिका चित्रपटात आले ते नट म्हणून, तिसाच्या दशकातल्या हलक्याफुलक्या प्रेमकथांचे नायक म्हणून. विनोद त्यांना परका नव्हता. बालपणाची वर्षं नेपल्समध्ये गेली होती. सायकल हरवलेल्या बापाची लाज आणि मोलकरणीच्या खोलीत झोपणाऱ्या फिलुमेनाची लाज यांत मला फार अंतर दिसत नाही. दोन्हीकडे कॅमेरा माणसाच्या चेहऱ्याशी नको तेवढा वेळ थांबतो.

यात काहीच खटकत नाही?

खटकतं. वेश्यागृहाचे प्रसंग जरुरीपेक्षा देखणे झाले आहेत. इटलीत ही घरं १९५८ पर्यंत सरकारमान्य होती आणि तिथलं जगणं इतकं रंगीत नसणार. कॅशिअर दियाना ही फक्त तरुण असण्यापुरती आहे, तिला काय वाटतं हे कुणी विचारत नाही. आणि दोमेनिकोने वीस वर्षं केलं त्या मानाने त्याला क्षमा लवकर मिळते. यावर माझ्या बहिणीशी माझं दर वेळी भांडण होतं. ती म्हणते, फिलुमेनाने आडनाव घेऊन त्याला सोडून द्यायला हवं होतं. मी म्हणते, तिला तो आवडत होता, त्या शंभर लिरांच्या रात्रीपासून. आमचं अजून मिटलेलं नाही.

या जोडीचे आणखी कोणते चित्रपट पाहावेत?

१९५४ च्या 'पेक्कातो के सिया उना कानाल्या'पासून सुरू करा. तिथे दोघं अगदी तरुण आहेत आणि दे सिका तिच्या लबाड बापाच्या भूमिकेत आहेत. मग १९६३ चा 'येरी, ओज्जी, दोमानी': तीन गोष्टी, तीन शहरं, तिन्हींत ही दोघं. नेपल्सच्या गोष्टीत चोरट्या सिगारेटी विकणारी आदेलिना तुरुंग टाळण्यासाठी पुन्हा पुन्हा गरोदर राहते आणि नवरा बिचारा खंगत जातो. त्या भागाच्या लेखनात एदुआर्दो दे फिलिप्पो होतेच, आणि परभाषी चित्रपटाचं ऑस्कर त्याला मिळालं.

त्यानंतर थोडे दिवस जाऊ द्या आणि १९७७ चा एत्तोरे स्कोला यांचा 'उना जोर्नाता पार्तिकोलारे' पाहा. ६ मे १९३८, हिटलर रोममध्ये आलेला. सगळी इमारत मिरवणुकीला गेली आहे. मागे उरली आहे सहा मुलांची थकलेली आई आणि समलिंगी असल्याने रेडिओवरून काढून टाकलेला निवेदक. ना तिचं सौंदर्य, ना त्याचा रुबाब. त्या चित्रपटापर्यंत पोचल्यावर ही जोडी काय होती ते पुरतं समजतं.

शेवटचा १९९४ चा रॉबर्ट आल्टमन यांचा 'प्रेत-आ-पोर्ते'. त्यात दोघं 'येरी, ओज्जी, दोमानी'मधला गाजलेला प्रसंग, ती कपडे उतरवते आणि तो पाहत बसतो तो, म्हातारपणी पुन्हा करतात, आणि या वेळी तो झोपी जातो. दोन वर्षांनी, डिसेंबर १९९६ मध्ये, मास्त्रोयानी गेला. 'ला दोल्चे व्हिता'मधला त्याचा गाजलेला प्रसंग ज्या त्रेव्ही कारंज्यात घडतो, त्याचं पाणी रोमने बंद ठेवलं आणि त्यावर काळं कापड पांघरलं.

चांगली प्रत कोणती पाहावी? डब केलेली चालेल का?

डब केलेली पाहू नका. बोली गेली की निम्मी फिलुमेना जाते. चित्रपटाची नव्याने दुरुस्त केलेली प्रत २०१४ च्या कान महोत्सवात दाखवली गेली, सोफिया तिथे हजर होती, आणि त्या वर्षीच्या महोत्सवाच्या पोस्टरवर मास्त्रोयानीचा चेहरा होता. शक्य असेल तर तीच प्रत शोधा, इटालियन आवाज ठेवा आणि उपशीर्षकं लावा.

पण खरं सांगा, तीन मुलांपैकी दोमेनिकोचा कोणता?

पडद्यावर खुणा शोधणारे बरेच भेटतात. एक मुलींच्या मागे असतो, एकाचा रागाचा पारा तसाच, वगैरे. दोमेनिकोही हेच करून थकतो. माझ्या एका भाचीने कागद-पेन्सिल घेऊन वयांचा तक्ता केला होता. मी तिला एवढंच विचारलं की उत्तर मिळालं तर त्याचं काय करशील. तिने तक्ता फाडला नाही, पण पुरा केलाही नाही.

आईबाबांबरोबर बसून पाहता येईल?

येईल. वेश्यागृहाचे प्रसंग आहेत, पण उघडंवाघडं काही दाखवलेलं नाही. मी माझ्या आईबरोबर पाहिला, ती तेव्हा सत्तरीत होती. संपल्यावर बराच वेळ तिने टीव्ही बंद करू दिला नाही. मग म्हणाली, उद्या परत लाव, आणि तुझ्या मावशीलाही बोलाव.